‘आवरणे’ या क्रियापदाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राग आवरतात, घर आवरतात, भाषण आवरतं घेतात आणि बाहेर पडायच्या आधी ‘आवरलं का?’ असंही विचारतात. मराठी नव्याने शिकणारे, भाषांतर करणारे, मजकूर तपासणारे आणि मुलांना घरी मराठी शिकवणारे पालक या एका क्रियापदाबद्दल पुन्हापुन्हा तेच प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘आवरणे’ म्हणजे नेमकं काय?

सुटू पाहणारं, पसरत चाललेलं किंवा हाताबाहेर जाणारं काही आपल्या ताब्यात ठेवणं, हा मुख्य अर्थ. राग आवरणे, घोडा आवरणे, खर्च आवरणे यांत तो सरळ दिसतो. पसरलेलं गोळा करून जागच्या जागी लावणं हा दुसरा: खोली आवरणे, अंथरूण आवरणे, वह्यापुस्तकं आवरणे. हातातलं काम संपवून मोकळं होणं हा तिसरा: ‘चारपर्यंत सगळं आवरून निघू.’

चौथा अर्थ बहुतेकांच्या लक्षात येत नाही, पण बोलण्यात तो रोज असतो. तो म्हणजे पेलणं, झेपणं. ‘एवढा व्याप त्याला एकट्याला आवरणार नाही’ या वाक्यात रोखून धरण्याचा किंवा नीट लावण्याचा काही संबंध नाही. काम त्याच्या कुवतीच्या पलीकडचं आहे, इतकंच म्हणायचं आहे.

२. राग आणि खोली या दोन्हींना एकच क्रियापद कसं चालतं?

कारण दोन्हीकडे घडतं तेच. जे बाहेर पसरत होतं ते आत घेतलं जातं.

उतारावर लागलेली बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. मागून ओझ्याचा रेटा येतो, बैल पळू लागतात आणि गाडीवान कासरा खेचून त्यांना आवरतो. तो बैलांना थांबवत नाही, थांबवले तर गाडी त्यांच्या अंगावर येईल. कासरा ढिलाही सोडत नाही. दोर हातात ताणलेला ठेवून तो बैलांची चाल आपल्याला हवी तेवढीच ठेवतो. बैल आहेत तसेच आहेत, त्यांचं बळही तेवढंच आहे, फक्त ते बळ आता त्याच्या हातात आहे.

‘आवरणे’चा गाभा हाच. आवरलेली गोष्ट नष्ट होत नाही. आवरलेला राग असतो, आवरलेली पुस्तकं असतात, आवरलेले अश्रूही असतात. ती आपल्या मर्जीबाहेर पसरत नाहीत, एवढाच फरक. पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं याच गोष्टीपाशी येतात.

३. हा शब्द कुठून आला? ‘आवरण’शी त्याचं नातं आहे का?

आहे, आणि जवळचं आहे. संस्कृतात ‘वृ’ धातूचा अर्थ झाकणे, वेढणे, अडवणे. त्याला ‘आ’ लागून ‘आवरण’ आणि ‘आवृत’ हे शब्द झाले. मराठीत नामाकडे झाकण्याचा अर्थ राहिला आणि क्रियापदाकडे अडवण्याचा, वेढून आत घेण्याचा. ‘निवारण’ आणि ‘विवरण’ याच कुळातले. विवरण म्हणजे मुळात झाकलेलं उघडं करून दाखवणं. ‘वर’ किंवा ‘स्वयंवर’ यांतला ‘वृ’ मात्र निवडण्याच्या अर्थाचा आहे, तो इथे जोडू नये.

यातून वाचताना एक छोटी अडचण येते. ‘आवरण’चं अनेकवचनही ‘आवरणे’ असंच होतं. ‘बीजावरची आवरणे’ यात ते नाम आहे, ‘पसारा आवरणे’ यात क्रियापद. वाक्य पुरतं वाचलं की गोंधळ उरत नाही, पण शब्दांची यादी करताना दोन्हींची नोंद वेगळी ठेवावी.

४. ‘तुझं आवरलं का?’ यात काय आवरलं? कर्म कुठे आहे?

कर्म बोलून दाखवलेलं नाही. ‘तुझं’ या नपुंसकलिंगी रूपामागे काम, तयारी, सगळं असं काहीतरी गृहीत असतं. प्रसंगावरून ते कळतं. बाहेर जायचं असेल तर कपडे करून तयार झालास का, कचेरी सुटायच्या वेळी असेल तर टेबल आवरून निघायला मोकळा झालास का, रात्री स्वयंपाकघराकडे पाहून विचारलं तर भांडीकुंडी झाली का.

‘मी आवरते’, ‘आवरून बस’, ‘माझं पाच मिनिटांत आवरतं’ ही रूपंही अशीच कर्माशिवाय येतात. हे स्त्रियांच्या साजशृंगाराबद्दलच बोलतात असा एक समज आहे. तो बरोबर नाही. शाळेत जाणाऱ्या मुलापासून आजोबांपर्यंत सगळ्यांचंच आवरायचं असतं.

५. ‘त्याने राग आवरला नाही’ आणि ‘त्याला राग आवरला नाही’ यांत फरक आहे का?

मोठा फरक आहे. या क्रियापदाची सगळ्यात सुंदर बाजू हीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘त्याने राग आवरला नाही’ यात करणारा तो आहे. आवरणं त्याच्या हातात होतं आणि त्याने ते केलं नाही. ‘त्याला राग आवरला नाही’ यात तो करणारा उरतच नाही, राग त्याच्यापेक्षा मोठा झाला. एका ‘ने’च्या जागी ‘ला’ आला आणि जबाबदारी माणसावरून रागावर गेली.

व्याकरणात अशा धातूंना उभयविध म्हणतात, म्हणजे सकर्मक आणि अकर्मक दोन्ही तऱ्हांनी चालणारे. ‘त्याने दार उघडले’ आणि ‘दार उघडले’ हे नेहमी दिलं जाणारं उदाहरण. ‘आवरणे’ अकर्मक झालं की ज्याला आवरत नाही तो ‘ला’ घेऊन बाजूला उभा राहतो: मला आवरत नाही, तिला आवरेना, कुणालाच आवरणार नाही. ‘ने’ लावूनही हा अर्थ येतो: ‘हा घोडा माझ्याने आवरायचा नाही.’

‘त्याला राग आवरता आला नाही’ ही तिसरी तऱ्हा. यात त्याने प्रयत्न केला आणि तो अपुरा पडला, अशी छटा येते.

माफी मागताना हा फरक ऐकणाऱ्याला लगेच जाणवतो. ‘मला राग आवरला नाही’ हे कारण सांगणं झालं, ‘मी राग आवरला नाही’ ही कबुली झाली. पहिल्या पुरुषात ‘मी’ला ‘ने’ दिसत नाही, पण अर्थ तोच. भाषांतर करणाऱ्यांनी इथे थांबून मूळ बोलणारा काय म्हणतो आहे ते नक्की पाहावं.

६. ‘आवरेना’ आणि ‘आवरत नाही’ एकच का?

जवळपास. ‘आवरत नाही’ हे सवयीबद्दलही असू शकतं: ‘हा मुलगा कुणालाच आवरत नाही.’ ‘आवरेना’मध्ये त्या क्षणी चाललेली धडपड असते: ‘तिला हसू आवरेना.’ म्हणजे ती आवरू पाहते आहे आणि ते जमत नाही. ‘हसू आवरता आवरेना’ म्हटलं की धडपड आणखी वाढते. गोष्ट सांगताना ‘आवरेना’ घ्यावं, स्वभाव सांगताना ‘आवरत नाही’.

७. ‘तिने स्वतःला आवरली’ की ‘आवरले’?

‘आवरले’ किंवा बोलण्यात ‘आवरलं’. कर्माला ‘ला’ लागला की भूतकाळात क्रियापद त्याच्या मागे जात नाही, नपुंसकलिंगी एकवचनातच राहतं. हा भावे प्रयोग. ‘ला’ नसेल तर ते कर्माप्रमाणे बदलतं: राग आवरला, जीभ आवरली, मन आवरलं, अश्रू आवरले.

जनावरांच्या बाबतीत दोन्ही चालतं. ‘त्याने बैल आवरले’ आणि ‘त्याने बैलांना आवरलं’, दोन्ही बरोबर.

८. ‘सभा आवरते घेतली’ बरोबर आहे का?

नाही. ‘सभा आवरती घेतली’. या वाक्प्रयोगात ‘आवरता’ हा शब्द विशेषणासारखा बदलतो: कार्यक्रम आवरता घेतला, सभा आवरती घेतली, भाषण आवरतं घेतलं, हात आवरता घेतला. ‘भाषण आवरतं घ्या’ इतकं कानावर पडतं की ‘आवरतं घेणे’ हे एकसंध क्रियापद वाटू लागतं आणि चूक होते.

अर्थाबद्दल एक गोष्ट. आवरतं घेणं म्हणजे अर्ध्यावर तोडणं नव्हे. वेळ कमी आहे हे पाहून विस्तार कमी करणं आणि शेवटाकडे येणं. मध्येच थांबवलेल्या कार्यक्रमाला ‘आवरता घेतला’ म्हणणं चुकीची माहिती देणं ठरतं, तिथे ‘थांबवला’ किंवा ‘बंद पाडला’ असंच लिहावं.

९. ‘राग आवरला’ आणि ‘राग जिंकला’ यांतलं कुठलं कधी वापरायचं?

आवरणं त्या वेळेपुरतं असतं. आज आवरलेला राग उद्या पुन्हा येणार, तेव्हा तो पुन्हा आवरावा लागणार. जिंकणं कायमचं असतं. संस्कृतातल्या ‘जि’ धातूवरून जय, विजय, अजिंक्य, जितेंद्रिय हे शब्द आले. जितेंद्रिय म्हणजे ज्याची इंद्रियं त्याच्या ताब्यात आलेलीच आहेत असा माणूस. त्याला ती घडोघडी आवरावी लागत नाहीत. म्हणून चिडलेल्या माणसाला ‘राग जिंक’ म्हणणं वेडगळ वाटतं आणि ‘राग आवर’ म्हणणं नेमकं वाटतं. आपल्यापैकी बहुतेकांचं आयुष्य जिंकण्यात नाही, आवरण्यातच जातं, आणि मराठीने त्यासाठी इतका घरगुती शब्द ठेवला आहे याचं मला फार अप्रूप वाटतं.

‘मन’ या शब्दाबरोबर तर फरक आणखी उघडा पडतो. ‘मन जिंकणे’ म्हणजे दुसऱ्याचं मन आपलंसं करणं: ‘तिने पहिल्याच भाषणात सगळ्यांची मनं जिंकली.’ ‘मन आवरणे’ हे स्वतःच्या मनाचं. ‘मन मारणे’ही स्वतःच्याच मनाचं, पण त्यात इच्छा दडपून टाकलेली असते. मन आवरणारा माणूस शांत असतो, मन मारून जगणारा आतून कुढतो. ‘मन मोडणे’ पुन्हा दुसऱ्याचं. भाषांतरात हे चार एकमेकांच्या जागी पडले की पात्राचा स्वभावच बदलतो.

१०. मग मात करणे, काबूत आणणे, आटोक्यात आणणे, वश करणे, सर करणे? हे सगळे समानार्थी नाहीत का?

शब्दकोशात शेजारी बसतात, वापरात नाही.

‘मात’ बुद्धिबळाच्या पटावरून आला. शह दिला की राजाला वाट उरते, मात झाली की डाव संपतो. म्हणून मात करायला समोर अडचण किंवा प्रतिस्पर्धी लागतो: संकटावर मात, आजारावर मात. ‘वर’ हे शब्दयोगी अव्ययही लागतंच, ‘संकटाला मात केली’ असं होत नाही.

‘काबू’ आणि ‘जेर’ फारसीतून आलेले. जेर म्हणजे खाली, तेव्हा जेर करणं म्हणजे समोरच्याला पार खाली आणणं. काबूत इतका कडवटपणा नाही. पिसाळलेलं जनावर, घसरणारी गाडी, बेभान माणूस काबूत आणतात. ‘आटोक्यात’ हा शब्द पसरणाऱ्या आपत्तीचा: आग, साथ, पूर. आग आवरली असं कोणी लिहीत नाही, कारण आग आपली नसते. तिला आटोक्यात आणून विझवायचं असतं.

‘वश करणे’ याला समोरच्याची इच्छा आपल्या बाजूला वळण्याची छटा आहे. संस्कृतात ‘वश्’ म्हणजे इच्छा करणे. म्हणून वशीकरणाच्या गोष्टी असतात, आवरण्याच्या नसतात. ‘सर’ हाही फारसी, अर्थ डोकं, माथा. गड सर करतात, शिखर सर करतात, राग सर करत नाहीत.

लगाम घोड्याचा, वेसण बैलाची, अंकुश हत्तीचा आणि पायबंद पुन्हा घोड्याच्या पायातला. ‘भ्रष्टाचाराला लगाम, वेसण आणि अंकुश’ असं एका दमात लिहिणाऱ्यांनी यांतला एकच निवडावा, तेवढ्याने काम होतं.

११. ‘भीती आवरली’, ‘आजार आवरला’ असं का म्हणत नाहीत?

‘आवरणे’ला आतून बाहेर येऊ पाहणारी गोष्ट लागते. राग उसळतो, हसू फुटतं, रडू येतं, मोह खेचतो, जीभ सुटते, कुतूहल उफाळतं. हे सगळं आवरता येतं. भीतीने माणूस उलट आकसतो. ती घालवतात, तिच्यावर मात करतात. आजार बाहेरून आलेला, तो बरा होतो. भूक भागवतात किंवा मारतात. तहान भागवतात.

या नियमाला अपवाद आहे तो झोपेचा. ‘झोप आवरेना’ आपण सहज म्हणतो, आणि झोप काही उसळत नाही. पण नीट पाहिलं तर ती बहुधा नकारातच येते. ‘मी झोप आवरली’ हे कानाला खटकतं. शिंक आणि जांभई यांचंही बरंचसं असंच. शरीराच्या या ओढी आवरत नाहीत एवढंच आपण नोंदवतो, आवरल्या असं सहसा म्हणत नाही.

१२. राग आवरणे, राग गिळणे, राग दाबणे: कथेत कुठलं घ्यावं?

पात्र कोणत्या जागेवर उभं आहे त्यावर ठरवावं. राग गिळणारा बहुधा दुबळ्या बाजूचा असतो. त्याला बोलता येण्यासारखं असतं पण बोलायची सोय नसते, त्यामुळे गिळण्यात अपमान आहे. राग दाबणारा तो दिसू देत नाही, आत तो तसाच धुमसतो. आवरणाऱ्याकडे निवड असते: तो बोलू शकला असता आणि बोलला नाही. साहेबाने कारकुनावरचा राग आवरला, कारकुनाने साहेबावरचा राग गिळला, ही दोन वाक्यं अदलाबदल करून वाचा म्हणजे कळेल.

हसण्यालाही हे लागू आहे. दाबलेलं हसू ओठांच्या कडांना दिसत राहतं, आवरलेलं हसू थांबलेलं असतं. अश्रू मात्र आवरतात किंवा गिळतात, दाबत नाहीत.

१३. ‘स्वतःला आवर’, ‘स्वतःला सावर’, ‘स्वतःला सांभाळ’ यांत काय फरक?

‘आवर’ म्हणजे जे करत आहेस किंवा करणार आहेस ते थांबव. ‘सावर’ म्हणजे पडत आहेस, नीट उभा राहा. ‘सांभाळ’ म्हणजे स्वतःची काळजी घे, पुढे धोका असू शकतो.

म्हणून तोल सावरतात, आवरत नाहीत. बोलणं चुकलं की बाजू सावरतात. ‘घर आवरलं’ म्हणजे केर काढून वस्तू जागेवर ठेवल्या, ‘घर सावरलं’ म्हणजे मोडायला आलेला संसार उभा केला. पदराच्या बाबतीत दोन्ही आहेत: घसरलेला पदर सावरायचा, वाऱ्यावर उडणारा पदर आवरायचा.

दुःखात असलेल्या माणसाशी बोलताना हा फरक जपावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. ‘आता रडू आवर’ म्हटलं की त्याला ऐकू येतं ते असं: तुझं रडणं जास्त झालं. ‘सावर’ म्हटलं की ऐकू येतं: तू कोसळू नयेस असं मला वाटतं. पत्रात ‘शोक आवरा’ लिहिण्याची जुनी रीत आहे आणि त्यामागची भावना चांगलीच असते, पण समोर बसून बोलताना ‘सावर’ बरं.

१४. ‘सावरासावर’ बरोबर की ‘सारवासारव’?

दोन्ही बरोबर, शब्द वेगळे. सावरासावर ‘सावरणे’वरून, म्हणजे बिघडू लागलेलं घाईघाईने ठीक करणं. सारवासारव ‘सारवणे’वरून, म्हणजे जमीन शेणाने सारवून खड्डे-भेगा झाकतात तसं चूक झाकण्यासाठी गोड बोलणं. वादग्रस्त विधान केल्यावर पुढारी करतात ती बहुधा सारवासारव. ‘आवराआवर’ या दोन्हींपासून दूर आहे, ती सामानाची आणि कामांची: ‘निघायची आवराआवर चालली होती.’

१५. काम ‘आवरलं’, ‘उरकलं’, ‘आटोपलं’: तिन्ही सारखे का?

संपलं एवढं तिन्हींत आहे. ‘उरकणे’त हातावेगळं करण्याची घाई असते, म्हणून ‘लग्न उरकलं’ हे ज्याचं लग्न त्याच्यासमोर बोलू नये. ‘आटोपणे’ तटस्थ आहे: जेवणं आटोपली, बैठक आटोपली. ‘आवरणे’त काम संपवून मागचा पसाराही काढलेला असतो.

गंमत अशी की ‘झेपणे’ हा अर्थ या तिन्हींना आहे. ‘मला एवढं काम उरकत नाही’, ‘हे पोर मला आटोपत नाही’, ‘हा व्याप मला आवरत नाही’. जे कुवतीत आहे ते संपतं आणि संपलं की हाताशी येतं, असं या भाषेने तीनदा वेगवेगळ्या वाटांनी म्हटलं आहे. ‘आटोपशीर’ हा शब्दही तिथलाच: हातात मावेल एवढा.

१६. ‘आवर घालणे’ आणि ‘आवरणे’ यांत काय निवडायचं?

स्वतः करायचं असेल तर आवरणे: ‘खर्च आवर.’ बाहेरून मर्यादा घालायची असेल, विशेषतः नियमाने किंवा अधिकाराने, तर आवर घालणे: ‘वाढत्या खर्चाला आवर घालावा.’ निवेदनं आणि बातम्यांत दुसरं रूप शोभतं, घरात पहिलं. आळा घालणे आणि पायबंद घालणे याहून कडक. त्यांत ती गोष्ट मुळात होऊच नये असा हेतू असतो. चोरीला आळा घालतात, आवर घालत नाहीत, कारण थोडी चोरी चालेल असं कोणालाच म्हणायचं नसतं.

१७. ‘अश्रू अनावर झाले’ लिहायचं की ‘अनावरण झाले’? आणि अनिवार, अनिवार्य?

अश्रू अनावर होतात. अनावरण पुतळ्याचं होतं, कारण तिथे खरोखर आवरण काढतात. प्रश्न ३ मधली दोन्ही टोकं इथे समोरासमोर येतात: ‘अनावर’ आवरण्याच्या बाजूचा, ‘अनावरण’ झाकण्याच्या.

‘अनिवार’ म्हणजे ज्याला निवारता येत नाही, थोपवता येत नाही असं: अनिवार ओढ, अनिवार इच्छा. ‘अनिवार्य’ म्हणजे टाळता न येणारं, सक्तीचं: अनिवार्य विषय, अनिवार्य अट. ‘तिला घराची अनिवार्य ओढ लागली’ असं छापलेलं दिसतं, तिथे ‘अनिवार’ हवं.

‘अनावर’ला सरळ विरुद्धार्थी शब्द नाही. ‘आवर’ हे विशेषण म्हणून चालत नाही. तिथे आटोक्यातला, ताब्यातला असं काहीतरी घ्यावं लागतं.

१८. समाजमाध्यमांवर नुसतं ‘आवरा!’ लिहितात. ते कोणाला उद्देशून?

कोणालाच नाही, किंवा सगळ्यांना. ‘याला कुणीतरी आवरा’ या वाक्याचं ते उरलेलं शेपूट आहे. एखाद्याने फार अतिशयोक्ती केली, टोकाचं काही केलं की पाहणारे ‘आवरा!’ म्हणतात. समोर एक जण असला तरी रूप अनेकवचनीच राहतं, त्याला आदरार्थ समजू नये. कौतुकानेही हे येतं, रागानेही येतं, संदर्भ पाहावा लागतो. मित्राला थेट सांगायचं असेल तर ‘आवर’ हे एकवचन आजही तितकंच चालतं.

१९. मोठ्या माणसाला ‘आवरा’ म्हणणं उद्धट वाटतं का?

तयारीबद्दल असेल तर नाही. ‘आजोबा, आवरा, गाडी आली’ यात काही वावगं नाही. बोलणं थांबवायला मात्र ‘आवरा’ म्हणू नये, ते तोंडावर हात ठेवल्यासारखं लागतं. सूत्रसंचालकाने ‘वेळेअभावी आपण आवरतं घ्यावं, ही विनंती’ असं म्हणावं. चिठ्ठी पाठवायची असेल तर त्यावर ‘पाच मिनिटे’ एवढंच लिहिलेलं उत्तम.

२०. ‘आवरून घे’, ‘आवरून ठेव’, ‘आवरून टाक’: कुठे काय?

‘आवरून घे’ स्वतःसाठी, पुढचं काम सुरू व्हायच्या आधी. ‘आवरून ठेव’ नंतर कोणी येणार आहे म्हणून. ‘आवरून टाक’ एकदाचं संपवण्यासाठी, त्यात कंटाळाही असू शकतो. ‘आवरत आलं’ म्हणजे थोडंच उरलं आहे. राग आणि रडू यांना यांतलं काही लागत नाही. ‘राग आवरून ठेव’ म्हटलं तर तो पुढे वापरायला कपाटात ठेवल्यासारखा होतो.

२१. आवरणे, आवरणें, आवरणं: लिहायचं कसं?

औपचारिक लेखनात ‘आवरणे’. जुन्या पुस्तकांत ‘आवरणें’ दिसतं, तसंच ‘सांवरणें’ही. १९६२ च्या लेखननियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. ‘आवरणं’, ‘आवरलं’ ही बोलण्यातली रूपं, संवादात आणि मोकळ्या लेखनात चालतात. एका मजकुरात निवेदन ‘आवरले’ आणि संवाद ‘आवरलं’ असं ठेवलं तरी हरकत नाही. निवेदनाच्या एकाच परिच्छेदात दोन्ही मिसळू नयेत. ‘आवरनं’ हा अनेक भागांतला उच्चार आहे. पात्राच्या तोंडी तो जसाच्या तसा ठेवावा, तपासनिसाने तिथे लाल शाई लावू नये.